तीन व्यंजनांवर उभी असलेली भाषा

शिरड शहापूरच्या बाजारात ‘मालक’ हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडत असेल! मलिका आणि मुल्क, म्हणजे आपला मुलूख, हेही ओळखीचेच. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे अरबी मुळाचे शब्द इथल्या बोलीत चांगलेच मुरलेले आहेत. आता मालक, मलिका, मुल्क यांतले स्वर काढून टाका. काय उरतं? म, ल, क. आणि बायबलचा जुना करार मूळ हिब्रूत उघडलात तर? राजा म्हणजे मेलेख, राणी म्हणजे मलका, राज्य म्हणजे ममलाखा. ‘क’चा कुठे ‘ख’ झाला एवढंच. व्यंजनं तीच तीन!

अरबी आणि हिब्रू एकाच घराण्यातल्या. म्हणून धर्मसेवेसाठी किंवा शास्त्राभ्यासासाठी हिब्रू शिकायला बसलेला मराठवाड्यातला माणूस अगदी कोरा नसतो. या भाषेतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांवर उभे असतात. जमिनीत तीन खुंट्या पक्क्या ठोकाव्यात आणि त्यांच्याभोवती दोरी दर वेळी वेगळी गुंफावी, तसं. खुंट्या व्यंजनांच्या, दोरी स्वरांची. गुंफण बदलली की नामाचं क्रियापद होतं, कर्त्याचं कर्म होतं.

आणि गंमत बघा, लिहिताना ही दोरी शतकानुशतकं जवळजवळ लिहिलीच जात नव्हती. मुळाक्षरं २२, सगळी व्यंजनं, उजवीकडून डावीकडे. यहुद्यांच्या सभास्थानातल्या तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, गुंडाळीत आजही स्वरचिन्हं नसतात. मग वाचत कसे? पाठांतराने. उच्चार तोंडातून कानात, कानातून तोंडात उतरत आला. इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकात गालील सरोवराकाठच्या तिबिर्या गावी मसोरा परंपरेच्या पंडितांनी तो कागदावर पकडला. पण पवित्र ग्रंथाच्या एकाही अक्षराला धक्का लावायचा नाही, ही अट! त्यांनी काय करावं? अक्षरांच्या खाली, वर, पोटात ठिपके आणि बारीक रेघा दिल्या. अक्षरं होती तिथेच राहिली आणि स्वर त्यांच्या अंगाखांद्यावर बसले. १००८ साली लिहिलेली अशी एक संपूर्ण पोथी आजच्या छापील आवृत्त्यांचा आधार आहे. काना, मात्रा, उकार यांवर वाढलेल्या आपल्याला ही युक्ती लगेच उमगते.

सुरुवातीला डोळे मात्र तासून घ्यावे लागतात. ‘दालेत’ आणि ‘रेश’ ही दोन अक्षरं घ्या. दोन्हींना वर आडवी रेघ, उजवीकडे खाली उतरणारा पाय. दालेतच्या कोपऱ्यातून मागे एक इवलंसं टोक निघतं, रेशचा कोपरा गोल. बस्स, तेवढाच फरक! ‘एखाद’ म्हणजे एक. त्यातल्या दालेतचं टोक घासलं गेलं तर व्यंजनं उरतात ‘अखेर’ची, आणि त्या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘दुसरा’. देव एकच आहे असं सांगणाऱ्या ‘शेमा’ या वचनात ही चूक झाली तर केवढा अनर्थ! म्हणून तिथला दालेत गुंडाळीत मुद्दाम मोठा काढतात, असं परंपरा सांगते.

हेच शेमा कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने जपलं, बाकीची हिब्रू जवळपास विसरली गेली तरीही. त्यांच्यासाठी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मुंबईत चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं.

आणि पंडिता रमाबाई! १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतसाठी गौरवलेली ही बाई केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा संसार सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत तिने अख्खं बायबल उतरवलं. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी ती गेली. ग्रंथ १९२४ साली निघाला, मुक्तीच्याच छापखान्यातून. या जिद्दीपुढे मी तरी नतमस्तक आहे.

संस्कृत जाणणाऱ्याला हिब्रूत आणखी एक जुनी ओळख भेटते: द्विवचन. दोन हात, दोन डोळे, दोन पाय यांना वेगळं रूप. शिवाय ‘तू जातोस’, ‘तू जातेस’ हा भेद हिब्रूही पाळते. त्यामुळे पहिलं पुस्तक म्हणून रूथ घ्या, अवघे चार अध्याय. पहिल्याच अध्यायात नामी आपल्या दोन सुनांशी, अर्पा आणि रूथ यांच्याशी बोलते, आणि मराठी कान टवकारतात. समोर दोन बायका, तरी ‘तुम्ही’ची रूपं पुल्लिंगी कशी? काही अभ्यासकांच्या मते ती पुल्लिंगी नाहीतच. सर्वनामांतून लोपलेल्या एका जुन्या द्विवचनाचा तो अवशेष आहे. वाद अजून मिटलेला नाही.