संगणकाचा दुसरा दिवस

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबवला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले पुष्कळ संगणक त्यामुळे शाळा-कचेऱ्यांतून एकाएकी निवृत्तीच्या वयाचे ठरले. अशा यंत्रांवर लिनक्स बसवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो योग्यही आहे. मात्र बसवण्याचे काम तास-दोन तासांचे. खरे काम त्यानंतरचे. ते अंगावर कोणी घेत नाही आणि मग ‘लिनक्स अवघड आहे’ असा शेरा मारून यंत्र पुन्हा अडगळीत जाते. नव्या जागेत सामान उतरवले म्हणजे बिऱ्हाड थाटले, असे होत नाही.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच वळणाचा गाभा नव्याने लिहिला, तो लिनक्स. या घराण्याची एक रीत फार मोलाची आहे. प्रणालीच्या बहुतेक साऱ्या आवडीनिवडी साध्या, वाचता येणाऱ्या मजकुराच्या फायलींत लिहिलेल्या असतात. साऱ्या यंत्राचे नियम ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात. प्रत्येकाच्या खाजगी सवयी त्याच्या स्वतःच्या कप्प्यात, टिंबाने सुरू होणाऱ्या व एरवी न दिसणाऱ्या फायलींत. दूरच्या कोणी तरी आपल्यासाठी काय ठरवून ठेवले आहे, हे तेथे वाचता येते आणि पटले नाही तर बदलताही येते.

पहिला निर्णय अधिकाराचा. स्वयंसेवकांनी १९९३ पासून चालवलेली ‘डेबियन’ ही आवृत्ती बसवताना ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा पासवर्ड विचारला जातो. ती जागा रिकामी सोडली, तर रूटचे खाते बंद राहते आणि पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’ हा शब्द जोडून गरजेपुरता अधिकार वापरता येतो. सामायिक यंत्रासाठी हेच बरे. तिजोरीची किल्ली कमरेला लावून कोणी बाजारहाट करीत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या उतरवून घेणे, घड्याळ लावणे ही कामे किरकोळ. (भारत निवडला की यंत्र ‘एशिया/कोलकाता’ अशी वेळ दाखवते, मुंबईकराने ते मनाला लावून घेऊ नये.)

भाषेचे काम मात्र किरकोळ नाही. देवनागरी दिसू लागली म्हणजे मराठी आली, असा समज करून घेऊन बहुतेक जण येथेच थांबतात. पुष्कळ टंकांत मूळची ठेवण हिंदीची असते आणि त्यांतला ‘ल’ व ‘श’ मराठी वाचकाच्या डोळ्याला खटकतो. ‘लोहित’ या मुक्त टंकाची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, ती बसवावी. आचार्याला दिलेला मान आणि आचाऱ्याला दिलेला पगार यांतला भेद राखायचा, तर ‘ऱ्य’ उमटलाच पाहिजे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्या कळीसोबत शिफ्ट दाबले की ‘ऱ’ येतो. त्याला हलन्त आणि ‘य’ जोडावा. एवढे न सांगितल्यामुळे कितीएक शाळांच्या प्रश्नपत्रिका अशुद्ध छापल्या जात असतील! हा दोष यंत्राचा म्हणता येणार नाही.

केरळच्या सरकारी शाळांनी या बाबतीत शहाणपण दाखवले. तेथे उबुंटूवर आधारलेली, मल्याळमची आणि शालेय कार्यक्रमांची आधीच जुळणी केलेली प्रणाली शाळांना दिली जाते; दुसऱ्या दिवसाचे काम एकदाच, सर्वांसाठी, उरकलेले असते. मराठी शाळांना अशी सोय मिळेपर्यंत प्रत्येक शाळेतल्या एखाद्या उत्साही शिक्षकालाच ते करावे लागेल. त्याने कोणतीही फाईल बदलण्यापूर्वी तिची मूळ प्रत शेजारी ठेवावी आणि काय बदलले, का बदलले, हे तारखेनिशी एका वहीत लिहावे. बदली होऊन तो गेला, तरी येणाऱ्या शिक्षकाच्या हाती ती वही असेल.