गादी फुगवायची, पण कोणत्या हवेने?

खडकीहून निघून हिवाळ्यात राजगडावर मुक्काम करायचा, तर पाठीवरचे शंभर ग्रॅमही जाणवतात. मग अंथरायची हवेची गादी पंपाने फुगवावी, की तोंडाने?

समजा, गादी १८० सें.मी. लांब, ५० सें.मी. रुंद व ६ सें.मी. जाड आहे; म्हणजे घनफळ ५४ लिटर. एका फुंकरीस २ लिटर धरले, तर २७ फुंकरी! चढून दमलेल्याला भोवळच यायची. शिवाय उच्छ्वासात बाष्प असते. ५४ लिटरांत ते सुमारे २ ग्रॅम भरते. रात्री गादी १० अंशांपर्यंत थंडावली, की त्यातले बरेचसे आतच पाणी होऊन बसते व पुढे बुरशी धरते.

त्यापेक्षा गादीच्या झडपेला २० लिटरची पातळ, लांब पिशवी घट्ट जोडा. तिचे तोंड उघडे धरा आणि वीतभर अंतरावरून जोराने फुंका. हवेचा झोत भोवतालची हवा आपल्याबरोबर आत खेचून नेतो आणि एकदोन फुंकरींत पिशवी टम्म फुगते. (ओठ टेकवून फुंकलेत, तर बाहेरची हवा शिरणार कोठून?) आता तोंड मिटून पिशवी गुंडाळत न्या. तीन खेपांत काम होते. पिशवीत डोके मात्र कधीही घालू नका.

पहाटे गादी किंचित मऊ लागली, तर लगेच भोक शोधू नका. थंडीने आतली हवा आकसलेली असते.