उभी गाडी थरथरते तेव्हा

मैत्रिणींनो, करंजी घाटाच्या चढावर थांबलेली गाडी थरथरून बंद पडली, तर छातीत धस्स होते. म्हणून हा बिघाड वेळीच ओळखू या.

उभ्या पेट्रोल गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे घेते. हवा, पेट्रोल किंवा ठिणगी कमी-जास्त झाली की ते अडखळते. आम्ही सुचवतो, आधी स्वस्तातले तपासा. नगरच्या धुळीने चोंदलेला एअर फिल्टर बदला. जुने स्पार्क प्लग काढून पाहायला सांगा. हवेच्या नळीला चीर असेल, तर बॉनेटखाली सुस्स आवाज येतो. थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ करून घ्या.

इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलने महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. आणि एवढे तपासल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नका.