गामाची शिळा आणि तीन दिवे

सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन गेलेल्या बडोदेकरास गामा पहिलवानाची शिळा ठाऊक नसेल असे संभवत नाही. वजन सुमारे बाराशे किलो. १९०२ साली गामाने ती याच शहरात उचलली, अशी तिची ख्याती. कोठवर उचलली, असे विचारणे मात्र आमच्या लहानपणी उद्धटपणाचे समजले जाई.

नेमका हाच उद्धट प्रश्न विचारणारा खेळ म्हणजे पॉवरलिफ्टिंग. याचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ सालचा. स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा १९८० पासूनच्या. दोहों बाजूंस चकत्या चढवलेला लोखंडी बार पाठीवर घेऊन बैठक मारायची, तो स्क्वॉट. बाकावर उताणे पडून बार छातीपर्यंत आणायचा आणि हात सरळ होईतो वर लोटायचा, ती बेंच प्रेस. जमिनीवरचा बार धरून ताठ उभे राहायचे, ती डेडलिफ्ट. प्रत्येकीच्या तीन संधी, आणि तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज. ऑलिंपिकमधील वेटलिफ्टिंगात वजन डोक्यावर जाते, तसे येथे जात नाही.

खरी मौज पंचांची. ते तिघे; प्रत्येकापाशी पांढरा व लाल दिवा. दोन पांढरे लागले तरच वजन उचलले म्हणायचे. बैठकीत जांघेची घडी गुडघ्याच्या माथ्याखाली गेली नाही, तर पाठीवर दोनशे किलो असोत की तीनशे, सारे व्यर्थ. बेंच प्रेसमध्ये बार छातीवर स्थिर झाल्यावाचून वर लोटण्याचा हुकूमच मिळत नाही.

यासाठी मेहनत कशी करतात? आपल्या तालमींत बैठका शेकड्यांनी मोजत. येथे गडी पाच मोजून बार ठेवतो आणि चार-पाच मिनिटे स्वस्थ बसतो! पाहणाऱ्यास तो आळस वाटतो; पण पुढच्या पाचांसाठी दम जमवणे चालू असते. ज्याची ताकद दोनशे किलोची, तो बहुतेक दिवस दीडशे ते एकशे सत्तरांतच राबतो. आठवड्यास अडीच किलो वाढले तरी पुष्कळ. तीन-चार आठवडे चढ, मग एक आठवडा मुद्दाम हलका. कारण स्नायू बळावतो तो विसाव्यात. सगळी ताकद पणास लावायची ती स्पर्धेच्या दिवशी, रोज नव्हे. पोटात श्वास भरून, कातडी पट्ट्यावर पोट रेटून कणा घट्ट धरण्याची विद्या तर जड वजनाआधीच शिकावी लागते. जो घाई करतो त्याची कंबर जाते.

अमेरिकेच्या लमार गँटचा कणा तर एका अंगास वाकलेला होता. १९८५ साली साठ किलोच्या गटात त्याने ३०० किलोंची डेडलिफ्ट केली. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपट.

२०१६ साली इंग्लंडच्या एडी हॉलने जमिनीवरून ५०० किलो उचलले, तेही पॉवरलिफ्टिंगात न चालणारे मनगटी पट्टे बांधून, आणि लगेच तो शुद्ध हरपून कोसळला. मग बाराशेंच्या शिळेचे काय? तिला धरावयास बारही नाही. गामाने ती हलवली असेल, कदाचित एका कडेवर तोललीही असेल. त्याच्या अंगच्या बळाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण त्या दिवशी तेथे तीन दिवे नव्हते.