दोन वाचनांमधली मिनिटे

लालबागला एका स्नेह्याच्या खोलीत, खाली मसाल्याचे डंक अखंड दणदणत असताना, आम्ही दोघे संगणकावर कुलाबा वेधशाळेच्या 1859 सालच्या चुंबकीय नोंदी मांडून बसलो होतो. त्या वर्षीच्या 2 सप्टेंबरचे चुंबकीय वादळ आजच्या अलिबागच्या आलेखाशेजारी ठेवून पाहावे, एवढाच आमचा मानस होता. विजेच्या ट्रामगाड्या येऊन चुंबकीय वाचने बिघडविणार म्हणून नानाभाई मूस यांनी 1904 साली कुलाब्याचे चुंबकीय काम अलिबागेस नेले, आणि तेथे आता मिनिटागणिक नोंद होते. तेव्हा कुलाब्याचे विरळ आकडेही मिनिटाला एक या प्रमाणात दाट करणे ओघानेच आले.

कुलाब्याच्या ज्या वेधशाळेत केरूनाना छत्र्यांनी तारुण्यात नोकरी केली, तेथे डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेल्या उपकरणातील टांगत्या चुंबकाची हालचाल निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचीत आणि आकडा नोंदवहीत चढवीत. वाचन एरवी तासाला एक. परंतु चुंबक अस्वस्थ झाला की ते पंधरा, आणि प्रसंगी पाच मिनिटांवर येई. इंग्लंडात कॅरिंग्टनने सूर्यावरचा तो प्रखर उद्रेक पाहिल्याला एक दिवसही लोटला नव्हता, तोच 2 तारखेस सकाळी अकराच्या सुमारास कुलाब्याचे क्षैतिज बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळले. नमुन्यांची वारंवारता वाढविणे ते हेच! ती वाढविण्याचा खरा अधिकार त्या वेळी दुर्बिणीपाशी बसलेल्या माणसालाच होता, आणि त्याने तो बजावला.

आमच्या हाती उरले ते अंतर भरण्याचे काम. वाचनांमधील अंतरे असमान असल्यामुळे समान अंतरांची अपेक्षा धरणारी नेहमीची पुनर्नमुनाकरणाची आज्ञा निरुपयोगी ठरली. म्हणून प्रत्येक वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत मांडून ऑक्टेव्ह या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतील अंतर्वेशनाची आज्ञा दिली. प्रथम सरळ रेषांनी बिंदू जोडले. आलेख कोनाकोनांचा, पण प्रामाणिक दिसला. मग घन स्प्लाइन लावले, आणि वक्ररेषा इतकी लाघवी झाली की स्नेही खूश होऊन गेले. जरा निरखून पाहता दिसले, की ती नीचतम वाचनाच्याही खाली उतरली होती. म्हणजे कोणीही न पाहिलेले, त्याहून मोठे वादळ आमच्या संगणकाने परस्पर मंजूर केले होते. तिसऱ्या खेपेस शेजारच्या दोन वाचनांची मर्यादा न ओलांडणारी पद्धत घेतली, तेव्हा हा आगाऊपणा थांबला.

तरीही रात्रीच्या तासातासाच्या वाचनांमधला भाग संशयास्पद गुळगुळीत राहिला, आणि तो तसा राहणारच. तासाला एक वाचन असेल, तर दोन तासांहून कमी आवर्तनाची हालचाल त्यात यथातथ्य उतरत नाही. इतकेच नव्हे, तर ती संथ लाटेचे सोंग घेऊन नोंदीत शिरते, आणि मागाहून साठपट बिंदू भरले तरी ते सोंग उतरत नाही. उलट दिशेचा, म्हणजे दाट आणि विरळ आकड्यांची सरसकट तुलना करण्याचा, घोटाळाही तितकाच मोठा आहे. 1989 च्या मार्चमध्ये क्यूबेक अंधारात बुडविणाऱ्या वादळाचा आकडा उणे 589 सांगतात, तो अनेक वेधशाळांच्या नोंदींवरून काढलेला तासाचा निर्देशांक. कुलाब्याचे 1600 हे एका ठिकाणचे तत्क्षणीचे वाचन. कुलाब्याचीच तासाची सरासरी धरली तर ते 850 च्या आसपास येते, असे सिस्को आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखविले. मोठेपणा तरीही कुलाब्याकडेच राहतो. मात्र तिप्पट म्हणून मिरविण्याचे कारण उरत नाही.

जुनी दफ्तरे संगणकावर चढविणाऱ्यांना एवढीच विनंती, की निरीक्षकाने वाचलेला आकडा एका स्तंभात आणि प्रणालीने भरलेला दुसऱ्या स्तंभात ठेवावा, व कोणत्या पद्धतीने भरला तेही शेजारी लिहावे.