धानाच्या दाण्यामागील माणूस

नवी दिल्लीतील पुसा परिसरात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात अश्मयुगापासून हरितक्रांतीपर्यंतचा भारतीय शेतीचा प्रवास प्रतिकृती व चित्रांच्या साह्याने मांडला आहे. दिल्लीस जाणाऱ्या कुटुंबांनी लाल किल्ल्याइतकाच वेळ येथेही द्यावा. पेढीवर धान्याची पोती पाहत वाढलेल्या मुलांना त्या पोत्यांच्या आधीचा इतिहास येथे कळतो.

भाताचेच उदाहरण घ्यावे. १९६६ मध्ये फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे बुटके वाण प्रसारित केले. जुनी उंच वाणे खताची मात्रा वाढताच आडवी होत. हे ताठ उभे राही. उत्पादन वाढले, देशाची कोठारे भरली. मात्र त्याबरोबर खत, पाणी व औषधांचा खर्चही शेतकऱ्याच्या खाती चढला.

या इतिहासाचे एक पान महाराष्ट्राचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी राहत. १९८३ मध्ये आपल्या बांधीतील 'पटेल-३' धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे वेगळे राखले, वर्षानुवर्षे पेरून निवडले आणि बारीक तांदळाचे नवे वाण सिद्ध केले. बाजारात येताच व्यापाऱ्यांनी त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. पोत्यावर घड्याळाचे नाव आले, निर्मात्याचे नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला. तरीही त्यांचे आयुष्य आर्थिक ओढगस्तीतच गेले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करू देणारा कायदा झाला तो २००१ मध्ये. तोवर एचएमटी शेतोशेती पोहोचले होते.

धान पिकवणाऱ्याचा जमाखर्च आजही अवघडच आहे. परे टाकणे, चिखलणी, रोवणी, निंदण हा सर्व खर्च आधी, उत्पन्न अखेरीस. पाऊस लांबला तर परे वाळतात, कापणीच्या वेळी आला तर उभे पीक भिजते. पीककर्ज फेडण्याची निकड असल्याने कापणी होताच सर्वांचे धान एकाच वेळी बाजारात येते आणि भाव उतरतो. साठवण्याची ऐपत ज्याच्याजवळ आहे, त्यालाच पुढील तेजीचा लाभ मिळतो. शिवाय शंभर किलो धान भरडल्यावर हाती येतो तो सुमारे ६७ किलो तांदूळ.

व्यापारी समाजाने हे जाणणे अगत्याचे आहे, कारण ती ऐपत बहुधा त्याच्याकडेच असते. चोख वजन, वाजवी कटती आणि मालाची रक्कम वेळेवर चुकती करणे, या तीन गोष्टी पेढीच्याच हातात आहेत. शेतकऱ्याच्या घरी त्यांचे मोल फार मोठे आहे. संग्रहालय पाहून आलेल्या मुलांशी याविषयी अवश्य बोलावे. उद्याची गादी त्यांनाच सांभाळायची आहे.