मोर्णेची जलकुंभी काढली, पण सांडपाण्याचे काय?

13 जानेवारी 2018 रोजी अकोल्यात मोर्णा नदी स्वच्छ करण्यासाठी सहा हजारांहून अधिक लोक घाटांवर उतरले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख केला. त्या श्रमदानाचा आदर आहेच, पण जलकुंभी हा आजार नसून लक्षण आहे. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खत. ते रोज नदीत पडत राहिले, तर उपटलेली जलकुंभी पुन्हा वाढणारच.

साधा हिशेब मांडू. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी धरले जाते. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. 2011 च्या जनगणनेनुसार अकोल्याची लोकसंख्या सव्वाचार लाख होती. म्हणजे रोज साधारण साडेचार कोटी लिटर सांडपाणी. हद्दवाढीनंतर हा आकडा वाढलाच असणार. शिलोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता रोज 3 कोटी लिटर आहे. पण क्षमता कागदावरची असते. घरांची जोडणी गटाराला झालीच नाही, तर घाण पूर्वीसारखीच नाल्यातून नदीत जाते.

प्रकल्पात काय होते? आधी जाळीवर प्लास्टिक आणि कचरा अडतो, मग वाळू खाली बसते. पुढच्या टाकीत पाण्यात हवा सोडली जाते. त्या हवेवर वाढणारे जिवाणू घाण खातात. नंतर गाळ बसवून वरचे पाणी निर्जंतुक करतात. वीज गेली, पंप बंद पडला किंवा गाळ उपसला नाही, की जिवाणू मरतात आणि पाणी तसेच बाहेर पडते. म्हणून उद्घाटनाच्या कोनशिलेपेक्षा दररोजची देखभाल महत्त्वाची.

मोर्णा पुढे पूर्णेला आणि पूर्णा तापीला मिळते. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीखालचे पाणी खारट असल्याने विहीर-बोअरचा आधार मर्यादित. अशा भागात नदीही नासली, तर खालच्या गावांनी, त्यांच्या गुराढोरांनी जायचे कुठे? शहरात तरी नाल्याकाठी आणि पूररेषेत कोणाच्या वस्त्या आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न गटारात उतरणाऱ्या माणसाचा. हाताने मैला उचलण्यास आणि संरक्षणाशिवाय गटार साफ करायला लावण्यास बंदी घालणारा कायदा 6 डिसेंबर 2013 पासून, म्हणजे महापरिनिर्वाणदिनी, लागू झाला. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी भरपाई 30 लाख रुपये केली. तरीही ठेकेदाराकरवी माणूस उतरवला जातो, आणि तो बहुतेक एकाच समाजघटकातला असतो. नदी स्वच्छ करताना जात तशीच ठेवायची, हे आपल्याला मान्य नाही.

मग करायचे काय? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने महापालिकेला किंवा नगरपरिषदेला विचारा:

• आपल्या प्रभागातील किती घरे भुयारी गटाराला जोडली?
• प्रकल्पात रोज प्रत्यक्ष किती लिटर पाणी शुद्ध होते?
• बाहेर पडणाऱ्या पाण्याचे मागील बारा महिन्यांचे तपासणी अहवाल कुठे आहेत?
• गटार आणि सेप्टिक टँक साफ करायला यंत्रे किती, कामगारांना सुरक्षासाधने कोणती?

उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. अहवालातला बीओडीचा आकडा आधी पाहा. तो जितका मोठा, तितकी पाण्यात घाण जास्त. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात तो लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत हवा. उत्तर आले नाही किंवा आकडे जुळले नाहीत, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा.

बाबासाहेबांनी 1927 साली महाडला पाण्यावरचा समान हक्क मागितला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी नदीखोऱ्याचा एकत्र विचार करणारे जलनियोजन पुढे नेले. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क आणि पाणी पिण्याजोगे राहण्याचा हक्क, हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत. जयंतीच्या नियोजनाच्या पुढच्या बैठकीत मिरवणुकीच्या खर्चासोबत हा अर्जही विषयपत्रिकेवर घ्या.

जय भीम.